दोनशे चाळीस किलो

मित्रांनो, मी एक जुना सिम्युलेटर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर खोटं यान. मी जन्मात कधी जमिनीपासून वीतभरही वर उठलो नाही, पण माझ्या पोटात बसून शेकडो माणसं पृथ्वीभोवती फिरून आली. आता मी तुमच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा आहे. तुम्ही मला 'डबा' म्हणता. म्हणा बापडे. याहून वाईट शब्द मी ऐकले आहेत, आणि त्याहून वाईट शब्द मी स्वतः छापले आहेत. तेच आज सांगणार आहे.

मला दोघांनी घडवलं. एक होत्या प्रोग्रामवाल्या बाई, दुसरा एक सुतार. सुताराने लाकडाची कोठी केली, तिला जाड काचेच्या तीन खिडक्या बसवल्या आणि भंगारात निघालेल्या बसमधून ड्रायव्हरची सीट उचकटून आणून आत ठोकली. खिडक्यांच्या मधल्या जागेत संगणकाचे पडदे होते. त्यावर बाईंनी काळं आकाश आणि निळी पृथ्वी फिरती ठेवली. समोर एकतीस बटणं होती. त्यातली नऊ कशालाच जोडलेली नव्हती, नुसती शोभेला! सुतार म्हणाला होता, "बाई, पाटी भरल्यासारखी दिसली पाहिजे. नाहीतर माणसाला वाटेल, एवढंच काय ते?" उजव्या हाताशी एक दांडी, कानाला लावायला हेडफोन, आणि बाजूला एक छोटा प्रिंटर. प्रवास संपला की प्रिंटरमधून तुमच्या कक्षेची रेघ कागदावर उमटायची. शिकणाऱ्याने ती घरी न्यावी, भिंतीला लावावी, अशी बाईंची इच्छा होती.

मला एका प्रशिक्षण केंद्रात ठेवलं. अंतराळ स्थानकाकडे जाणारी यानं जमिनीवरून सांभाळायची, त्यासाठी नियंत्रण कक्षात माणसं लागतात. ती माणसं इथे तयार व्हायची. खाली बसून हुकूम सोडणाऱ्याला वर बसलेल्याचं पोट कसं ढवळतं ते कळावं, म्हणून प्रत्येकाने आधी माझ्यात बसायचं.

सुरुवातीला सगळेच चुकायचे, आणि ते बघायला मला फार आवडायचं. माणसाला वाटतं, यान वर टांगलेलं असतं. तसं नसतं, मित्रांनो. ते सारखं पडतच असतं. पण पुढेही इतक्या वेगाने जात असतं की जमीन दर वेळी हुकते. हे एकदा अंगात भिनलं की पुढची गंमत येते. स्थानक तुमच्या पुढे आहे, तुम्हाला त्याला गाठायचं आहे. काय कराल? जोर लावाल. जोर लावला की यान वरच्या, मोठ्या कक्षेत चढतं, फेरी लांबते आणि तुम्ही आणखी मागे पडता. पुढच्याला गाठायचं असेल तर आधी वेग कमी करावा लागतो. मग यान खाली उतरतं, फेरी लहान होते, आणि तुम्ही आपसूक पुढे सरकता. पहिल्यांदा हे कळलं की माणसं माझ्या सीटवर बसल्या बसल्या हसायची. बाई बाहेरून विचारायच्या, "कळलं?" आणि आतून आवाज यायचा, "कळलं, पण पटत नाही!"

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आले उंची सर. खरं नाव काही का असेना, माझ्यात कुणीही बसलं की यानाबद्दल त्यांचा पहिला प्रश्न "उंची किती?" म्हणून हे नाव पडलं. माणूस हुशार होता. पण त्यांना शिकणाऱ्याचा पडलेला चेहरा बघितल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. त्यांनी पहिल्याच महिन्यात माझा प्रिंटर बदलला. कक्षेची रेघ बंद झाली. यानात तीन माणसं आहेत असं धरलेलं असायचं; ते आपटलं, जळलं किंवा भरकटलं की कागद यायचा: 'मृत्यूचा दाखला. मृत: तीन. कारण:' आणि पुढे शिकणाऱ्याचं पूर्ण नाव. तो दाखला सर मोठ्याने वाचायचे आणि दाराशेजारच्या फळ्यावर टाचणीने टोचायचे. येता-जाता सगळ्यांना दिसावा म्हणून.

"अंतराळ दया करत नाही," ते म्हणायचे. "मग मी का करू?"

एका उंच मुलाच्या नावावर अकरा दाखले झाले तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. तो बाराव्या वेळी माझ्यात बसला, हात दांडीवर ठेवला आणि ओकला. माझी सीट त्यानेच पुसली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. सरांनी हजेरीपटात त्याच्या नावावर रेघ ओढली आणि म्हणाले, "तेहेतीस माणसं वाचली."

मी काय करणार? प्रिंटर माझा होता, शाई माझी होती. छाप म्हटलं की छापायचं.

त्या वर्षी एका तुकडीत दोघी जणी आल्या. एक एकवीस वर्षांची, चपळ, डोळे सतत भिरभिरणारे. दुसरी छत्तीसची, हाताला घट्टे, नखांत न निघणारं काळं तेल. ती एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करायची. ती या मुलीची आत्या होती. भावाची बायको गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि भाऊ मालवाहू जहाजावर, वर्षातून महिनाभर घरी. आत्याने कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, लेथ धरला आणि भाचीला वाढवलं. मुलगी एका जागी बसायची नाही म्हणून तिचं नाव ठेवलं भिंगरी. पुढे भिंगरी कॉलेजात गेली तेव्हा आत्यानेही टपालाने अभ्यासक्रम मागवून अर्धवट राहिलेली पदवी पुरी केली. एकाच टेबलावर, एकाच पुस्तकात दोघींनी डोकं घातलं. अर्जही एकाच पाकिटातून पाठवले. वयाची अट अडतीसची होती, म्हणून आत्याचा कसाबसा बसला.

वर्गात सगळेच तिला आत्या म्हणू लागले. आधी चिडवायला, मग सवयीने. ती रागवायची नाही. कुणाला कक्षेची गंमत कळली नाही की तीच समजवायची. "अरे, मैदानावर पळायच्या रांगा असतात ना? आतल्या रांगेत उतरलास की फेरी छोटी. शिवाय इथे आतल्या रांगेत सगळे पळतातही जोरात. म्हणून आधी खाली उतर. घाई आहे म्हणूनच उतर." भिंगरी तेव्हा तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहायची. मला वाटायचं, या दोघींपैकी कुणाचाही दाखला मला छापावा लागू नये.

आत्याचा एकही छापावा लागला नाही. लेथवर हाताला केसाएवढा फरक कळतो. तोच हात तिने माझ्या दांडीवर ठेवला होता. भिंगरीचे मात्र चार झाले.

मग तो दिवस आला. सर फळ्यावर गणित मांडत होते: चारशे किलोमीटर उंचीवरच्या यानाचा वेग. आकडा भलताच आला. सर खडू हातात घेऊन क्षणभर थांबले. आत्या मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, उंची जमिनीपासून धरलीत. पृथ्वीच्या केंद्रापासून धरायला हवी."

तिने साधेपणाने सांगितलं होतं. पण उंची सर उंचीतच चुकले, हे वर्गाच्या ध्यानात आलं आणि हशा असा उसळला की माझ्या काचा थरथरल्या. सगळ्यात मोठ्याने भिंगरी हसली. सरही हसले. "बरोबर आहे, आत्या. शाबास," म्हणाले. मित्रांनो, ते हसणं मी जवळून बघितलं. ओठ हसत होते. खडूचे मात्र बोटांत दोन तुकडे झाले होते.

शेवटची परीक्षा दीड महिन्याने होती. नियंत्रण कक्षात जागा एकच निघाली होती. आणि परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत त्या जागेला दोनच नावं उरली होती: आत्या आणि भिंगरी.

परीक्षा अशी: स्थानक पुढे आहे, पाच फेऱ्यांत गाठायचं आणि जोडून घ्यायचं. सहा हजार किलोचं यान, त्यात पाचशे किलो इंधन. भिंगरीची परीक्षा सकाळी झाली. ती जोडणीपर्यंत पोचली, जरा धडपडत, पण पोचली. आत्याची दुपारी होती. काचेपलीकडे गुरुजींचं टेबल असतं, तिथून माझे आकडे भरले जातात. मदतीला म्हणून सरांनी भिंगरीला तिथे बसवलं. नियमात ते बसत नव्हतं, पण नियम सांगायचं धाडस कोण करणार?

आत्या अजून आली नव्हती. खोलीत दोघंच होते, आणि मी.

सर म्हणाले, "एकच जागा आहे."

"माहीत आहे, सर."

"ती तुझ्यापेक्षा चांगली आहे. हेही माहीत असेल."

भिंगरीने मान हलवली.

"वय छत्तीस. दोन वर्षं काम करेल आणि म्हणेल, डोळे दुखतात. तुझ्यासमोर अख्खा जन्म पडलाय." सरांनी पडद्यावरच्या इंधनाच्या चौकटीवर बोट ठेवलं. "इथे पाचशेच्या जागी दोनशे साठ टाकले आणि काट्यावर पाचशेच दाखवले, तर काय होईल? नुसती उत्सुकता हो. मी काही सांगत नाही. चहा घेऊन येतो."

ते गेले. दार लोटलं गेलं. भिंगरी बराच वेळ हाताची नखं कुरतडत बसली. मी मनात म्हणत होतो, पोरी, उठ. पाणी पी. खिडकी उघड. काहीही कर, पण त्या चौकटीकडे बघू नकोस.

तिने दोन, सहा, शून्य दाबलं. आणि काटा पाचशेवर ठेवला.

माझ्या टाकीतले दोनशे चाळीस किलो गेले, आणि मी तोंडाने सांगत राहिलो की ते आहेत.

आत्या आली. सीटवर बसली, पट्टा ओढला, काचेतून भाचीकडे बघून अंगठा दाखवला. मागे वर्ग बघायला जमला होता. तिने सुरुवात बरोबर केली. आधी वेग कमी करायचा, खाली उतरायचं. वीस सेकंद इंजिन चालवलं. इंजिनाचा जोर ठरलेला, यानाचं वजन ठरलेलं. वेग सेकंदाला बरोबर दहा मीटरने कमी व्हायला हवा होता. तो दहा पूर्णांक चारने कमी झाला.

दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आत्याने वही ओढली आणि पेन्सिलीने भागाकार केला. जोर तोच आणि फरक जास्त, म्हणजे यान हलकं. यान हलकं म्हणजे टाकीत इंधन कमी. काटा खोटं सांगतोय.

तिने हेडफोनमध्ये विचारलं, "भिंगरी, वजन बरोबर आहे ना गं?"

"बरोबर आहे."

"पुन्हा एकदा बघतेस का?"

"बघितलं. बरोबर आहे, आत्या."

आत्याने काचेतून बघितलं. भिंगरी पडद्याकडे बघत होती. तिने मान वर केली नाही. आत्याला कळलं. कुणी केलं, ते कळलं. वहीच्या कोपऱ्यात तिने २४० लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला.

तरी तिने हात सोडला नाही. जेवढं आहे तेवढ्यात संसार करायची तिला सवय होती. घाई केली तर इंधन जास्त लागतं, धीर धरला तर कमी. थोडंच खाली उतरायचं आणि सावकाश, जास्त फेऱ्या मारत गाठायचं. तिने हिशोब केला आणि म्हणाली, "सर, मला नऊ फेऱ्या हव्यात. चार वाढवून द्या."

"अंतराळात वाढवून मिळत नाही," सर म्हणाले. हातात चहाचा कप होता. "पाचात जमत नसेल तर तसं सांग. उतर."

ती उतरली नाही. पाचव्या फेरीत स्थानक समोर आलं. इतकं जवळ की त्याच्या दाराची चौकट दिसत होती. चारशे मीटर उरले असताना इंजिन खोकलं आणि बंद पडलं. काटा दोनशे चाळीस दाखवत होता. त्याच क्षणी काचेपलीकडून एक कळ दाबली गेली आणि काटा धपकन शून्यावर आला. मागे जमलेल्यांना दिसलं ते एवढंच: आत्याने इंधन उधळून टाकलं. स्थानक डाव्या पडद्यावरून सरकत सरकत निघून गेलं.

प्रिंटर सुरू झाला. मी तो कागद अडवायचा फार प्रयत्न केला. पण लाकडाच्या कोठीच्या अंगात कितीसा जोर असणार?

सरांनी दाखला फाडून घेतला आणि मन लावून वाचला. "मृत: तीन. कारण..." आत्याचं नाव त्यांनी अक्षर अक्षर सुटं करून उच्चारलं. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "आत्याबाई, मिश्या असत्या तर सर झाला असतात!" आणि सगळेच हसले. महिनाभर तिच्याकडून गणितं सोडवून घेणारेसुद्धा.

आत्या बाहेर आली. "सर, वजन चुकीचं दाखवलं होतं."

"कुणी?"

आत्याने टेबलाकडे बघितलंही नाही. सर वळले. "काय गं, टेबलावर तू होतीस. चुकीचं होतं का?"

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण आवाज कापला नाही. "नाही, सर. आत्याचं हल्ली असंच होतं. विसरते. परवा घराला कुलूप न लावताच निघून गेली. वय झालं की..." तिने खांदे उडवले.

खोलीत परत हसण्याची एक लाट आली. आत्या भाचीकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात, जणू दोघीच घरात आहेत असं, ती म्हणाली, "तुला ताप होता गं त्या दिवशी. डॉक्टरांना आणायला पळाले होते."

माझ्यात प्रत्येक बदललेल्या आकड्याची नोंद राहते. कुणी बदलला, किती वाजता, आधी किती होता. डावीकडचं पिवळं बटण दाबलं की सगळं कागदावर येतं. आत्याला हे ठाऊक होतं. ती वही घ्यायला परत आत वाकली, तेव्हा तिचं बोट त्या बटणावर टेकलं. दाब, मी म्हणत होतो. एकदाच दाब! ती दाबती, तर जागा तिची होती. आणि भिंगरीला कुठल्याच नियंत्रण कक्षाचं दार पुन्हा उघडलं नसतं.

तिने बोट उचललं. वही घेतली आणि गेली. तिचा दाखला दाराशेजारी सहा महिने टोचलेला होता.

भिंगरीला जागा मिळाली. पुढच्या तुकडीतली मुलं बोलायची त्यावरून कळलं की ती वसतिगृहात राहायला गेली. आत्या तिला दर पंधरा दिवसांनी पत्र पाठवायची, आणि प्रत्येक पत्र न उघडताच परत जायचं. नियंत्रण कक्षात भिंगरीचं नाव झालं. दहा वर्षांनी उंची सर निवृत्त झाले, आणि त्यांच्या खुर्चीत तीच येऊन बसली. आता सगळे तिला मॅडम म्हणत.

मला वाटलं होतं, ती पहिल्या दिवशी प्रिंटर काढून टाकेल. तिने दाखल्यात एक ओळ वाढवली: 'मृतांच्या मुलांची वयं.' चार, सात, अकरा. असे आकडे मला तिनेच भरून दिले. सर दाखला चवीने वाचायचे. ती अगदी कोरड्या आवाजात वाचायची. ते जास्त लागायचं.

एका सकाळी माझी दांडी हलेनाशी झाली. आतली पिन झिजली होती. कारखान्यातून माणूस बोलावला. आली ती आत्या. केस पांढरे झाले होते, हातात हत्यारांची पेटी. दारात उभी राहून तिने खोलीवरून नजर फिरवली, आणि ती भिंगरीवर थांबली. वर्गात नऊ जणं बसली होती.

भिंगरी खुर्चीतून उठली नाही. वर्गाला म्हणाली, "कारागीर बाई आल्यात. दहा मिनिटं थांबा."

आत्याने पेटी खाली ठेवली. आत वाकून जुनी पिन ठोकून काढली. नवी तिने स्वतः लेथवर घडवून आणली होती. ती अशी बसली की जणू माझ्यासोबतच जन्मली असावी. एक विद्यार्थी ओरडला, "मावशी, जपून हां, आत तीन माणसं आहेत! मेली तर तुमच्या नावावर!" सगळे खिदळले.

"चालवून बघावं लागेल," आत्या म्हणाली.

"आमच्यातला एक बघेल," भिंगरी म्हणाली.

"असू द्या ना, मॅडम. मजा येईल," तोच विद्यार्थी म्हणाला आणि टेबलाकडे धावला. "मावशींना परीक्षेचंच लावतो!"

भिंगरीने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण का नाही, हे वर्गाला काय सांगणार होती?

आत्या सीटवर बसली. हेडफोन लावला आणि विचारलं, "वजन किती धरू?"

"सहा हजार. इंधन पाचशे," विद्यार्थी हसू दाबत म्हणाला.

तिने वीस सेकंद इंजिन चालवलं. आकड्याकडे बघितलं. दहा. बरोबर दहा. "हं. बरोबर आहे," ती पुटपुटली. मग ती खाली उतरली, पुढे सरकली, वर आली. मागचं हसणं हळूहळू विरत गेलं. पाचव्या फेरीत स्थानकाच्या दाराला यान इतकं हलकेच टेकलं की आवाज झाला की नाही, तेसुद्धा मला सांगता येणार नाही. इंधन दोनशे दहा किलो उरलं होतं. एवढं माझ्यात आजवर कुणीच उरवलं नव्हतं.

विद्यार्थ्याने उभं राहून विचारलं, "तुम्ही... कुठे शिकलात?"

"इथेच. नापास झाले होते."

"तुम्ही? कशा काय?"

आत्याने भिंगरीकडे बघितलं. पेटीचं झाकण धरलेला हात तसाच राहिला. नऊ जणं कान देऊन ऐकत होती.

"माणसाचं वजन धरण्यात चुकले," ती म्हणाली.

भिंगरीने घड्याळाकडे बघितलं. "काम झालं ना? मग निघा. आमचा तास चालू आहे."

निघा. सतरा वर्षं जिने वाढवलं, तिला परक्यासारखं 'निघा'. आत्याने पेटी उचलली. दाराशी थांबून म्हणाली, "पिनला महिन्यातून एकदा तेल घाल. आणि जेवणाच्या वेळा सांभाळ, केवढी वाळलीस."

ती गेली. विद्यार्थी गोंधळला. "मॅडम, ती तुम्हाला एकेरीत बोलली?"

"अशा लोकांना बोलण्याची पद्धत नसते," भिंगरी म्हणाली. "चला. पहिला नंबर कुणाचा?"

त्या दिवशी तास संपल्यावर ती एकटी माझ्यात येऊन बसली. दांडी पुढे-मागे केली. लोण्यासारखी फिरत होती. तिने पिवळं बटण दाबलं नाही, नुसती प्रोग्राममध्ये शिरून दहा वर्षांपूर्वीची ती नोंद शोधली आणि पुसली. मग वरिष्ठांना चिठ्ठी लिहिली: 'यंत्र जुनं झालं आहे. दुरुस्तीपलीकडे. काढून टाकावं.' नोंद गेली, मित्रांनो. पण ती फक्त तारांमध्ये होती. मी सुताराच्या हातचा आहे. लाकडात मुरलेलं कुणाला पुसता येत नाही.

मग अडगळीची खोली आली. चार वर्षं माझ्या सीटवर बादल्या ठेवल्या जायच्या, आणि तारा उंदरांनी कुरतडल्या. आत्या गेली, हे मला तिथेच कळलं. झाडूवाल्या बाई दुसऱ्या बाईला सांगत होत्या की मॅडमची कुणी नातेवाईक वारली, पण मॅडमनी रजा काही घेतली नाही. तास घेतला. फक्त त्या तासाला नव्या यंत्रात यान आपटलं तेव्हा दाखला वाचायला उभ्या राहिल्या आणि चार, सात, अकरा म्हणून झाल्यावर पुढचं वाचताच येईना. बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. वर्ग बघत होता. कुणी खुर्चीसुद्धा पुढे केली नाही. कुणी करायला शिकलंच नव्हतं.

नंतर तुमच्या विज्ञानाच्या सरांनी मला इथे आणलं. तारा बदलल्या, पडदे पुसले. प्रिंटर त्या अडगळीतच राहिला, ते बरंच झालं. तुम्ही माझ्यावर चढता, बटणं उपटता, च्युइंगम चिकटवता. त्याचं मला काही नाही. धूळ नाही पुसलीत तरी चालेल. यान आपटा, जाळा, शंभरदा भरकटवा. माझ्यात बसलेली ती तीन माणसं कधी जन्मलीच नव्हती, त्यांना काही होत नाही. सीटवर जे बसलेलं असतं तेवढंच खरं असतं. जपायचं असेल तर त्याला जपा.

आजचंच घ्या. मधल्या सुट्टीआधी दोन वेण्यांची ती मुलगी बसली होती. पुढच्याला गाठायला तिने जोर लावला आणि मागे पडली, तीनदा. तुम्ही 'ढ' म्हणालात, टाळ्या वाजवल्यात. तिने हेडफोन नीट जागेवर ठेवला आणि बाहेर गेली. माझ्या उजव्या खिडकीतून मला ती दिसते आहे. नळाजवळच्या पायरीवर बसली आहे, जेवणाचा डबा उघडलेला नाही.

सुट्टी संपायला अजून सात मिनिटं आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी जा आणि तिला हाक मारा. मी चालू आहे.